टपालपेटीपाशी, साडेपाच वाजता

९ जानेवारी

धाकट्या,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनच केला असता, पण फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि मी बोलायला लागले की बाबा वर्तमानपत्र उघडून बसतात आणि अर्धा तास एक पान उलटत नाहीत. शिवाय फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतोस. दिवसभर दवाखान्यात बसून मी पेशंटना नंबराने हाका मारते, ते कण्हणारे लोकसुद्धा तुझ्यापेक्षा जास्त बोलतात.

तर मुद्दा असा. गुरुवारी जेवताना बाबा एकदम म्हणाले, "त्याला बोलाव." मी म्हटलं, कुणाला? तर म्हणाले, "मला मुलगे किती आहेत?" मी घास हातात धरून तशीच बसले. नऊ वर्षांत त्यांनी तुझं नाव तर सोडच, तुला 'तो'सुद्धा म्हटलं नव्हतं.

आता त्यांची अट ऐक. घरी नको. जिन्यात उभं राहून "या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही" असं गरजले होते ना, ते गिळायचं कसं? आणि तूही काही कमी नाहीस. "ठेवणारही नाही" असं दोन मजले ऐकतील एवढ्या आवाजात ओरडून गेलास. औषधवाल्यांचा एक बोर्ड, बाबांनी हाताने रंगवलेला. ते तापाने पडलेले असताना तू तो उतरवलास आणि तिथे तुझ्या मशीनमधून निघालेला फ्लेक्स टांगलास. तेवढ्यावरून नऊ वर्षं. कुणाला सांगितलं तर लोक हसतील. मला नाही हसू येत.

म्हणून मी मधला मार्ग काढलाय. ५ फेब्रुवारीला, रविवारी, आपल्या रस्त्याचा मेळा आहे. रस्त्याला शंभर वर्षं झाली असं व्यापारी मंडळाचं म्हणणं, कुणी मोजली देव जाणे. गाड्या बंद, दोन्ही बाजूंना दुकानं, गाणी, आणि जुने बोर्ड धुऊनपुसून चमकवणार आहेत म्हणे. म्हणजे निम्मे बाबांचेच. तू ये, बाबांना मी खाली घेऊन येते. रस्ता काही कुणाच्या बापाचा नाही. आणि असलाच तर आपल्याच बापाचा आहे, तेव्हा लाजू नकोस.

उत्तर लिही. 'हं' लिहून पाठवलंस तर बघ.

ताई


१७ जानेवारी

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुकानातल्या पोरींना वाटलं एखाद्या गिऱ्हाइकाने काम परत पाठवलं.

राग येऊ देऊ नकोस, पण आधी एक विचारतो. ते खरंच असं म्हणाले, की हे तुझ्या डोक्यातून निघालंय? तीन वर्षांपूर्वी तू मला बाबांच्या हृदयाच्या तपासणीची पट्टी पाठवली होतीस. वर दवाखान्याचा शिक्का, खाली डॉक्टरची वळवळती सही. मी हातातलं काम टाकून रडत रडत निघालो. बसस्टँडवर तू भेटलीस आणि म्हणालीस, पट्टी कुणा दुसऱ्याची आहे, बाबा ठणठणीत आहेत, पण आता आलाच आहेस तर घरी चल. मी तिथूनच परतीचं तिकीट काढलं. तू चांगल्या मनाने केलंस हे मला कळतं. पण त्या बसमध्ये पाच तास मी कसा बसलो होतो ते मला माहीत.

ते खरंच म्हणाले असतील तर मी येतो. लपवून काय करू, मला यायचंय. मागच्या महिन्यात एका शाळेचं काम होतं, भिंतीवर चढायला कुणी नव्हतं म्हणून मी स्वतः शिडीवर चढलो आणि हात आपोआप खिशात ओळ आखायची खडूची दोरी शोधायला लागला. फ्लेक्सवाल्याला खडूची दोरी कशाला हवी? उतरून खाली बसलो थोडा वेळ.

पण माफीबिफी तोंडाने नाही जमणार. आपल्या घरात ती कुणालाच जमली नाही. आपली पद्धत तुला माहीतच आहे, चुकलेल्याने समोर जाऊन गप उभं राहायचं आणि दुसऱ्याने "बस" म्हणायचं. आई एकदा हातात ओला डाव घेऊन बाबांसमोर अर्धा तास उभी होती. बाबासुद्धा एकदा आईसमोर उभे राहिले होते, तेव्हा तिने मुद्दाम सगळी भांडी घासून होईपर्यंत "बसा" म्हटलं नाही. मी तेवढंच करीन. समोर उभा राहीन. "बस" म्हणाले तर सगळं मिटलं. नाही म्हणाले तर मी समजेन.

टपालपेटीपाशी, साडेपाच वाजता. तिथे निदान टेकायला जागा असते.

धाकटा


२४ जानेवारी

धाकट्या,

म्हणाले रे, खरंच म्हणाले. आईची शपथ. त्या पट्टीबद्दल मी तुझी कितीदा माफी मागू? आपल्या पद्धतीने मागायची तर तू समोर येत नाहीस.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, शिडीचं आणि दोरीचंसुद्धा. ऐकून म्हणाले, "दोरी शिडीवर चढायच्या आधी मारतात. चढल्यावर शोधतो म्हणजे विसरला सगळं." इतकं खूश मी त्यांना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. टपालपेटीचं मान्य आहे. गप उभं राहण्याचंही मान्य. "राहू दे उभा," म्हणाले, "बघू किती वेळ राहतो ते." पण तू फार वेळ उभा राहणार नाहीस, हे मी तुला आत्ताच सांगते. कारण त्या दिवसापासून रोज दाढी चालू आहे आणि तो तपकिरी कोट मी दोनदा उन्हात घातलाय.

तब्येत म्हणशील तर चष्म्याचा नंबर वाढलाय आणि गुडघे कुरकुरतात. या वयात एवढं चालायचंच. बाकी काळजी करण्यासारखं काही नाही.

मी त्यांच्या शेजारीच असेन. तू फक्त वेळेवर ये.

ताई


६ फेब्रुवारी

तुला काय म्हणून हाक मारू ते सुचत नाही, म्हणून वर काही लिहिलेलं नाही.

आम्ही साडेचारला निघालो. घरापासून टपालपेटी म्हणजे आपली चारशे पावलं. त्याला पाऊण तास लागला. रस्त्यावर मुंगीला वाट नव्हती. तीन ठिकाणी तीन कर्णे लावलेले, तिन्हींवर वेगवेगळी गाणी, आणि मधोमध उभं राहिलं की डोकं बधिर. पिवळ्या टोप्या घातलेले स्वयंसेवक आम्हाला "मागून या, मागून या" म्हणत होते. मागे गेलं की मागचे म्हणायचे, "पुढून जा." मेळा मेळा म्हणून मी एवढं डोक्यावर घेतलं होतं, तर त्यात होतं काय? प्लास्टिकच्या बाहुल्या, फोनची कव्हरं, तळणीचा धूर आणि फोटो काढणारी माणसं. एक बाई बाबांना म्हणाली, "आजोबा, जरा हटता का, फ्रेममध्ये येताय." ज्या रस्त्यावरच्या पाटीन् पाटीला त्यांचा हात लागलाय, त्या रस्त्यावर ते फ्रेममध्ये येत होते.

बोर्डांचं तर विचारूच नकोस. धुणं-पुसणं राहिलं बाजूला, एका गादीवाल्या कंपनीने खर्च उचलला म्हणून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांचेच फ्लेक्स. एक जुना बोर्ड दिसेल तर शपथ. तुझेच धंदेभाऊ. मंचावरून आभार मानले ते विजेचं जनित्र लावणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे मानले, पेंटर या शब्दाचा उच्चार नाही.

पण हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं, तू आला असतास तर.

सव्वापाचला आम्ही पेटीपाशी पोहोचलो. सहापर्यंत उभे. बाबांचे गुडघे थरथरायला लागले तेव्हा मी शिंपीणकाकूंकडून स्टूल आणायला गेले. दहा मिनिटांत येते म्हणाले आणि त्या दोऱ्या, ते अडथळे, अर्धा तास लागला. परत आले तर बाबा तसेच, एक हात पेटीवर ठेवून. म्हणाले, "आला नाही." आणि कुणीतरी ठोंब्या अगदी पुढ्यात येऊन ठिय्या देऊन उभा राहिला होता म्हणे, हटतच नव्हता. बाबांनीच त्याला बाजूला केलं. तुला ते गर्दीत दिसावेत म्हणून त्यांना समोर मोकळी जागा हवी होती. कळलं? तुला दिसावेत म्हणून.

आठपर्यंत थांबलो. मग स्टुलावरून उठले आणि म्हणाले, "चल." घरी आल्यावर कोट काढला नाही. आज सकाळी चहा घेतानाही अंगात कोटच होता. मी दवाखान्यात आले आणि पाच नंबरला सात म्हणून हाक मारली.

यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतंस. नाही म्हणायला तुला कधीपासून जड जायला लागलं?


२१ फेब्रुवारी

ताई,

तो ठोंब्या मी होतो.

पाच वाजल्यापासून मी समोरच्या घड्याळवाल्याच्या पायरीवर होतो. तुम्ही येताना मला दिसलात. तू शेजारी होतीस म्हणून पुढे झालो नाही. तू असलीस की सगळं तूच बोलतेस, आमचं तूच मिटवतेस, आणि मला या वेळी ते नको होतं. तू गेलीस तसा मी रस्ता ओलांडून गेलो आणि त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. हात लांब केला असता तर लागला असता, एवढ्यावर. ताई, पहिल्यांदा मला वाटलं, किती बारीक झालेत. दुसऱ्यांदा वाटलं, आत्ता म्हणतील.

त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. मग मान वळवली, बाजूच्या दुकानाकडे तोंड केलं. मी उभाच. पुन्हा माझ्याकडे, पुन्हा मान वळवली. आणि मग म्हणाले, "अहो, जरा सरका. माझा मुलगा यायचाय, त्याला मी दिसलो पाहिजे."

अहो! बापाने मुलाला अहो. आणि तेही चारचौघांत. शेजारी फुगेवाला होता, त्यानेही माझ्या दंडाला धरून "सरका की भाऊ, म्हातारा माणूस सांगतोय" म्हणून मला बाजूला घेतलं. मी सरकलो.

बाबांचे टोमणे मला नवे नाहीत. पण हा त्यांनी नऊ वर्षं घासून धार लावून ठेवला होता. 'माझा मुलगा यायचाय.' म्हणजे तू जो समोर आहेस तो कुणी नाहीस. मेळ्यात बोलावून, सगळ्या रस्त्यासमोर उभं करून सांगितलं. मी पायऱ्यांपाशी जाऊन अजून दहा मिनिटं उभा राहिलो, वाटलं हाक मारतील. ते गर्दीकडे बघत होते. मला वगळून सगळ्यांकडे.

त्यांना सांग, निरोप पोहोचला. आणि तुझ्यावर माझा राग नाही, तुलाही त्यांनी बनवलंच असणार.

धाकटा


२८ फेब्रुवारी

धाकट्या, हे पत्र नीट बसून वाच.

बाबा आत्ता माझ्यासमोर खुर्चीत बसलेत. ते मजकूर सांगतायत आणि मी तो उतरवून घेतेय, अशी त्यांची समजूत आहे. मी उतरवत नाहीये. मी तुला हे लिहितेय, आणि कागद त्यांच्या नाकासमोर आहे, आणि त्यांना तो वाचता येत नाही.

त्यांना दिसत नाही रे. दीड वर्ष झालं. पूर्ण आंधळे नाहीत, तसं असतं तर तुला लांबूनच कळलं असतं. डोळ्याच्या मधोमधचं गेलंय. बघतील तिथे मध्ये पुसून टाकल्यासारखा डाग आणि कडेकडेचं तेवढं दिसतं. म्हणून ते काठीशिवाय चालतात, कशाला धडकत नाहीत, आणि माणसाकडे सरळ बघितलं की त्याला चेहराच नसतो. म्हणून मान वळवतात. मान वळवली की कडेने थोडं दिसतं. तुझ्याकडून तोंड फिरवत नव्हते, तुला बघायला धडपडत होते. दोनदा बघितलं आणि तरी जमलं नाही. मला ते फक्त आवाजावर ओळखतात. तू एक शब्द बोलला असतास, नुसतं खाकरला असतास!

मला आधी सांगता आलं असतं. त्यांनी आईच्या फोटोवर हात ठेवायला लावला होता. "डोळे गेले म्हणून आला असं नको. यायचं तर माझ्यासाठी येऊ दे." मी गप्प राहिले. मला वाटलं, मी शेजारी असणारच आहे, तू आलास की म्हणेन, बाबा, हा बघा आला. आणि मी स्टूल आणायला गेले. त्या स्टुलाकडे मला आता बघवत नाही. मेळ्यात ते मला सारखं विचारत होते, "माझे बोर्ड धुतले का गं?" आणि मी म्हणत होते, चकाचक धुतलेत. एक खोटं पचलं की दुसरं सोपं जातं.

तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. नको होतं दाखवायला, पण आता लपवायचा मला वीट आला. उभा राहिलास तिथपर्यंत तीनदा वाचायला लावलं. म्हणाले, "मोठं काहीतरी काळपट पुढ्यात होतं एवढंच कळलं. श्वास ऐकू येत होता. दमलेला होता का गं तो?" मग विचारलं, "केस पिकलेत का त्याचे?" मी म्हटलं, मला काय माहीत, मला कुठे दिसला तो! त्यावर मीच रडले, ते नाही.

आज सकाळी म्हणाले, कागद घे. त्यांचा मजकूर असा आहे: 'मी तुला ओळखलं होतं. ओळखूनच सरका म्हटलं. पुन्हा येण्याची तसदी घेऊ नये.' मी म्हटलं, बाबा, हे खोटं आहे. तर म्हणतात, "मग काय लिहायचं? बापाला दिसलं नाही असं? रडत येईल तो. मदतीला येईल. हाताला धरून मला संडासापर्यंत नेईल. त्या दिवशी आला होता तो मला भेटायला आला होता, त्याला मी घालवला. आता येईल तो डॉक्टरच्या कागदाला भेटायला. तो मला नको." पेंटरने डोळ्यांपुढे हार मानली असं त्यांना लिहून द्यायचं नाहीये. त्यापेक्षा तू त्यांचा द्वेष केलेला चालेल.

आत्ताच विचारलं, "लिहिलंस?" मी म्हटलं, लिहिलं. "वाच." मी या कागदाकडे बघून त्यांची तीन वाक्यं वाचून दाखवली. "ठीक," म्हणाले, "आण इकडे, सही करतो." मी बोट धरून जागा दाखवतेय. खाली आहे ती सही त्यांची आहे.

डॉक्टरचा कागद सोबत जोडलाय. दवाखान्यातल्या यंत्रावर त्याची नक्कल काढली, मूळ कागद ते उशीखालून काढू देत नाहीत. तू ये. उद्याच ये. त्यांनी नको म्हटलंय तरी ये, दारात उभा राहा आणि मोठ्याने बोल. काहीही बोल, शिव्या दे, पण बोल.

ताई


९ मार्च

ताई,

तुझं पत्र दुपारी आलं. पहिलं पान वाचलं आणि मी पोरींना म्हटलं, आजपासून तीन दिवस दुकान तुम्ही बघा. पत्र वाचत वाचत पिशवी भरायला घेतली होती. हे मुद्दाम सांगतो. मी दगड नाही.

मग शेवटच्या पानावरची सही दिसली.

ती त्यांचीच आहे यात शंका नाही. बोर्डाच्या कोपऱ्यात करायचे तीच. सुरुवातीची उभी रेघ, पोटाचा गोल, आणि शेवटचा फराटा खालून मागे वळवून पहिल्या अक्षराच्या बरोबर खाली आणलेला. ओळ एका सुताने इकडची तिकडे नाही. लहानपणी मी ती शेकडो वेळा गिरवली आहे, मला डोळे उघडे ठेवून कधी तशी जमली नाही. आणि तू म्हणतेस की ज्याने ती केली त्याला कागद दिसत नाही.

मी पिशवी ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग एकेक गोष्ट दिसायला लागली. त्या दिवशी मी त्यांना लांबून येताना बघत होतो. रस्त्यावर आडवी वायर पडली होती, ती त्यांनी पाय उचलून ओलांडली. कडेला फरशी निघालेली होती, ती टाळून गेले. तुझं मात्र लक्ष नव्हतं, तूच अडखळलीस. मधलं दिसत नाही आणि कडेचं दिसतं, चालता येतं आणि मुलगा ओळखता येत नाही, असला बरोबर हवा तसा आजार दुसऱ्या कुणाला सुचला नसता. जानेवारीत चष्म्याचा नंबर होता, फेब्रुवारीत मी तुला सगळं कळवल्यावर आठवड्यात डोळे गेले. आणि कागदाचं म्हणशील, तर मागच्या वेळीही कागद होता. त्यावरही शिक्का होता. ही तर नक्कल आहे.

ते तीन वाक्यांचं मात्र मला खरं वाटतं. 'ओळखूनच सरका म्हटलं.' हे वाक्य त्यांचं आहे, तुला तसं लिहिता येत नाही. त्यांनी ते सांगितलं, तू उतरवून घेतलंस, आणि ते वाचून मला काय होईल म्हणून त्याच्या भोवती बाकीचं सगळं रचलंस. त्यांच्याकडून सही घेताना मजकूर झाकून धरला असशील, किंवा कोऱ्या कागदावर आधी घेतली असशील. तुझं मन मला माहीत आहे. तुला आम्ही दोघं एका खोलीत बसलेले हवे आहोत, त्यासाठी तू बाबांचं हृदय बिघडवलंस, आता डोळे घेतलेस. पुढच्या वेळी काय घेशील?

आणि श्वासाचं लिहिलंस ते लिहायला नको होतं. ते वाचून मी खरंच उठलो होतो.

मला आता लिहू नकोस. लिहिलंस तरी पोहोचायचं नाही. महिन्याअखेर दुकान दुसऱ्या गावी हलवतोय, जागा पाहून झाली आहे, आणि नवा पत्ता मी कुणालाच देत नाही. बाबांची सही तेवढी कापून घेतली आहे. उरलेलं पत्र परत पाठवतोय.

धाकटा